वैशाखातील विणकाम

होळी झाली, दुपारची झळ घरात येऊ लागली, की बहुतेक घरांत विणकामाच्या सुया कपाटाच्या वरच्या फळीवर जातात. अर्धा झालेला स्वेटर, उरलेल्या गुंड्या, टाके मोजण्याची पट्टी, सारे एका पिशवीत बांधून पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवले जाते. विणकाम म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे थंडी, ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्याविषयी कोणी शंका घेत नाही. आणि तरी त्याच घरातील कर्ता पुरुष भर वैशाखात दुकानाच्या गादीवर बसतो, तेव्हा त्याच्या अंगाला भिडलेले पहिले वस्त्र विणलेलेच असते. बनियनचे कापड मागावर निघत नाही. सुईवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली असता जी वीण तयार होते, तीच वीण तिरुप्पूरच्या गोल यंत्रांवर हजारो बारीक सुया घालत असतात. जुने बनियन भिंगाखाली धरून पाहिले तर सुलट्या बाजूला कणसासारख्या उभ्या रांगा आणि उलट्या बाजूला आडव्या कमानी स्पष्ट दिसतात.

मराठीत मागावरच्या कामालाही विणणे म्हणतात आणि सुयांवरच्या कामालाही. घोटाळ्याचे मूळ कदाचित या एकाच शब्दात असावे. मागावर उभा आणि आडवा असे दोन धागे एकमेकांत गुंततात व घट्ट बसतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फाशांतून पुढे जात राहतो, म्हणून ते कापड ताणले जाते, अंगाबरोबर हलते आणि फाशांच्या मधून हवा खेळू देते. विणीत मुळात ऊब नसते. धाग्याच्या जाडीत, त्या जाडीत अडकलेल्या स्थिर हवेत आणि घामाशी धागा कसा वागतो यात ती असते. या तीन गोष्टी ज्या गृहिणीने लक्षात घेतल्या, तिला उन्हाळ्यातही सुया ठेवून देण्याचे कारण उरत नाही.

जाडीचा हिशेब सुताचा व्यवहार असलेल्या घरांना नव्याने सांगावा लागू नये. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा काउंट. आकडा वाढला की सूत बारीक. बनियनला साधारणतः ३० ते ४० काउंटचे एकेरी सूत लागते. हातविणीसाठी परिचित असलेले मध्यम सुती सूत ८ काउंटचे चार पदर पिळून केलेले असते, म्हणजे एकत्रित हिशेबाने २ काउंट. तेवढ्याच लांबीचा हातविणीचा धागा बनियनच्या धाग्यापेक्षा पंधरा ते वीस पट वजनदार झाला. उन्हाळ्यात विणलेले वस्त्र जड आणि गरम का वाटते, याचे उत्तर या भागाकारात आहे. यंत्राइतके बारीक सूत हाताने विणणे कोणाला शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. पण हिवाळ्याच्या स्वेटरसाठी घेतलेल्या जाडीवरून एक पायरी तरी खाली उतरावे. २ काउंटच्या सुताचे १०० ग्रॅममध्ये सुमारे ३४० मीटर भरतात. उन्हाळ्याच्या अंगावरील वस्त्रासाठी याहून जाड सूत घेऊच नये. ओढणी, स्टोल यांसाठी १०० ग्रॅममध्ये ५०० मीटरच्या पुढे जाणारे सूत घ्यावे.

इचलकरंजी किंवा सोलापूरच्या सूतबाजाराशी ज्यांचा संबंध आहे, त्यांच्या हाताशी दुसरा मार्ग असतो. दोन पदरी २० काउंटचे कोन तेथे मिळतात. हे सूत एकत्रित १० काउंटचे होते. त्याचे तीन पदर एकत्र घेऊन विणले तर १०० ग्रॅममध्ये सुमारे ५६० मीटरचा धागा मिळतो, पाच पदर घेतले तर वर सांगितलेला मध्यम धागा. विणकामाच्या तयार गुंड्यांपेक्षा हे सहसा स्वस्त पडते. मात्र पदर एकमेकांत पिळलेले नसल्याने सुईचे टोक मध्येच शिरते आणि एखादा पदर टाक्याबाहेर राहतो. नवशिक्या मुलीच्या हाती हे सूत देऊ नये. शिवाय कोनावरील सूत कच्चे, म्हणजे न धुतलेले आणि न रंगवलेले असेल, तर त्यावर कापसाचे नैसर्गिक मेण असते आणि ते पाणी टिपत नाही. अशा सुताच्या सैल लडी करून, चार ठिकाणी बांधून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळाव्यात, स्वच्छ पाण्याने खळाळाव्यात आणि मग विणावे. आटायचे ते तेव्हाच आटून घेते.

आता घामाचा विचार. पूर्ण कोरडा धागा सामान्य दमटपणाच्या हवेत ठेवला तर तो हवेतील काही पाणी स्वतःत घेतो. १०० ग्रॅम कापूस असे सुमारे ८ ग्रॅम पाणी घेतो, लिनन १२, व्हिस्कोज १३, रेशीम ११ आणि मेंढीची लोकर १६ च्या आसपास. ॲक्रिलिक जेमतेम दीड ते दोन ग्रॅम घेते आणि पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमच्याही खाली राहते. म्हणजे मेंढीची लोकर घाम पिण्यात कापसाच्याही पुढे आहे. तिला दोष द्यावा असे काही नाही. घोंगडी पावसात आणि उन्हात धनगराच्या खांद्यावर बारा महिने असते, ती उगाच नव्हे. परंतु दख्खनच्या मेंढीची लोकर खरखरीत, ती अंगाला लावून घालण्याची नाही. आणि आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून जे मागितले आणि दिले जाते, ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. ‘कॅशमिलॉन’ हे ॲक्रिलिकचेच एक व्यापारी नाव. लोकरीची ऊब ते देते, घाम टिपण्याचा लोकरीचा गुण मात्र देत नाही. उन्हाळ्यात नको असलेली बाजू तेवढी त्याच्यात आहे.

कापसाला पर्याय नाही असे म्हणावे, तर कापसाचेही दोष आहेत आणि ते न सांगितल्यामुळेच पुष्कळ जणींचा पहिला सुती प्रयोग फसतो. कापूस ॲक्रिलिकपेक्षा जड. एकाच आकारमानाच्या तंतूला सुमारे ३० टक्के अधिक वजन. त्यामुळे ॲक्रिलिकसाठी लिहिलेला नमुना पाहून तितकेच ग्रॅम सुती सूत आणले तर ते कमी पडणारच. सूत ग्रॅमवर न मोजता मीटरवर मोजावे आणि एकाच लॉटमधून एकदम घ्यावे. रंगाचा फरक दुकानातील दिव्याखाली दिसत नाही, गच्चीवरील उन्हात दिसतो. कापसाला लवचिकपणाही नाही. ॲक्रिलिकची किंवा लोकरीची पट्टी ताणून सोडली की ती परत मिटते. कापसाची पट्टी ताणली की ताणलेलीच राहते. म्हणून सुती वस्त्राच्या कमरेला आणि मनगटाला घट्ट पट्टी विणून ती अंगाला धरून बसेल अशी अपेक्षा ठेवू नये. सुती वस्त्र सैल, सरळ आणि आखूड असावे. लांब बाह्यांचा गुडघ्यापर्यंतचा सुती कोट सुईवर असताना कितीही देखणा दिसला, तरी दोन धुण्यांनंतर स्वतःच्याच भाराने चार बोटे लांब होतो.

चमकदार ‘मर्सराइज्ड’ सूत अंगावरील वस्त्रासाठी साध्या सुतापेक्षा चांगले. कॉस्टिक सोड्याने कापसाचा तंतू फुगतो, हे जॉन मर्सर या इंग्रज रसायनकाराने १८४४ च्या सुमारास पाहिले आणि १८५० मध्ये त्याचे पेटंट घेतले. ताण देऊन ही क्रिया केली तर सुताला चमक येते, हे होरेस लो याने १८९० मध्ये दाखवले. आजही पद्धत तीच आहे. अशा सुताला रंग खुलून बसतो, केसाळपणा कमी राहतो आणि जाळीचा नमुना स्वच्छ उठतो. पुसणी किंवा टॉवेल करायचा असेल तर मात्र साधे, मऊ, कमी पिळाचे सूतच घ्यावे.

हवा कोरडी की दमट, यावरही निवड बदलते. सोलापूर, जालना, अकोला येथील कोरड्या उन्हात घाम टिपून त्याची वाफ होऊ देणारे सुती कापड अंगाला खरोखर गारवा देते. मुंबई-ठाण्यात किंवा कोकणपट्टीत हवेतच पाणी इतके असते की जाड सूत ओले होते आणि ओलेच राहते. तेथे बारीक सूत आणि मोकळी जाळी हवी. सुताच्या जातीपेक्षा विणीतली भोके तेथे अधिक कामाची. परवडत असेल तर त्या भागात लिनन उत्तम, कारण ते पाणी भरपूर घेते आणि लवकर सोडतेही. ज्या जवसाची चटणी घरोघरी होते, त्याच वनस्पतीच्या उंच वाढणाऱ्या वाणांच्या खोडातून हा तंतू निघतो. विणताना तो सुतळीसारखा ताठ लागतो, बोटे दुखतात. पाचसहा धुण्यांनंतर त्याचा खरा मऊपणा कळतो. लिनन आणि कापूस यांचे मिश्र सूत मिळाल्यास पहिल्या वेळी तेच घ्यावे.

‘बांबू’ नावाचे मऊ, झुळझुळीत सूत हल्ली बहुतेक ठिकाणी दिसते. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यापासून केलेले ते व्हिस्कोज असते. हाताला गार लागते, घाम टिपते, पण ओले झाले की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. कापूस याच्या उलट, ओला झाला की अधिक बळकट होतो. म्हणून बांबूचे वस्त्र पिळू नये आणि रोज धुतले जाणारे मुलांचे कपडे त्याचे करू नयेत. ओढणीला ते शोभते.

नावांविषयी एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे, कारण ज्या घरांत रेशीम वर्ज्य आहे त्यांची या नावांनी दोन्हीकडून फसगत होते. ‘बांबू सिल्क’, ‘आर्ट सिल्क’ या नावांत सिल्क असले तरी मालात रेशीम सहसा नसते. ती चमकेची जाहिरात असते. उलट ‘मऊ मिश्र सूत’ एवढेच सांगून दिलेल्या परदेशी गुंडीत दहा-पंधरा टक्के रेशीम किंवा लोकर असू शकते. लेबलवरील टक्केवारी वाचावी; लेबल नसेल तर दोन इंच धागा चिमट्यात धरून, पाण्याची वाटी जवळ ठेवून, जाळून पाहावा. कापूस, लिनन आणि व्हिस्कोज कागदासारखे जळतात, वासही कागदाचा, मागे मऊ राखाडी राख. ॲक्रिलिक वितळत जळते आणि काळा टणक मणी मागे ठेवते. केस जळल्याचा वास आला आणि काळी गुठळी बोटांत चुरली, तर त्यात लोकर किंवा रेशीम आहे असे समजावे. मिश्र सुतात दोन्ही खुणा एकदम येतात, म्हणून वास नीट घ्यावा.

कोषातील जीव मारून अखंड धागा काढला जातो, म्हणून नेहमीचे रेशीम नको, हे वाचकांना ठाऊक आहेच. पतंग बाहेर पडल्यानंतर उरलेल्या कोषांचे सूत काढण्याची पद्धत आंध्र प्रदेशातील कुसुम राजय्या यांनी ‘अहिंसा सिल्क’ या नावाने पुढे आणली. आसाम-मेघालयातील एरी रेशमाचा कोष एका बाजूने उघडा असतो, म्हणून तेही अहिंसक समजून विकले जाते. येथे थोडे थांबावे. एरीचे किडे ईशान्येकडील अनेक समाजांत खाल्ले जातात, त्यामुळे केवळ ‘एरी’ हा शब्द कोषातील जीव वाचल्याची खात्री देत नाही. विक्रेत्याला उत्पादनाची पद्धत विचारावी लागते. आणि एरी मुळातच उबदार, उन्हाळ्यासाठी त्याच्यामागे जाण्याचे प्रयोजनही नाही. कापूस आणि लिनन हाताशी असताना हा प्रश्न वैशाखात निर्माणच होऊ नये.

ज्या विणकामात निवड चुकली तर दुसऱ्याला सोसावे लागते, ते म्हणजे बाळंतविड्याचे विणकाम. घरात बाळ येणार म्हटले की आजी, आत्या, मावशी सुया हाती घेतात. टोपरे, मोजे, हातमोजे, कॉलरला रिबीन ओवलेला स्वेटर, असा गुलाबी किंवा पिवळ्या ‘लोकरी’चा पूर्ण संच तयार होतो. बाळ पौषात यायचे असेल तर तो योग्यच. पण बाळ वैशाखात येणार असले तरी संच तोच असतो, आणि बारशाच्या दिवशी पाहुण्यांनी भरलेल्या, पंखा मंद केलेल्या खोलीत तो सगळा बाळाच्या अंगावर चढवला जातो. देणाऱ्याचा मान राहावा म्हणून सून काही बोलत नाही. बाळ रडते, ते दृष्ट लागल्याने रडते असे ठरते.

तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे असते आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचा तो मोठा मार्ग असतो. घाम येऊन अंग थंड होण्याची क्रिया त्याच्यात अजून पक्की झालेली नसते. त्या डोक्यावर घाम न टिपणारे ॲक्रिलिकचे टोपरे बसवले तर घामोळे ही त्यातली किरकोळ गोष्ट. झोपेत बाळ अती तापणे हे तान्ह्या मुलांच्या झोपेतील आकस्मिक मृत्यूच्या धोक्यांपैकी एक मानले जाते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत, विशेषतः वजन कमी असलेल्या बाळाला, डॉक्टर टोपी घालायला सांगतात. ते सांगतील तोवर ती घालावीच, आणि ती मऊ सुती असावी. त्यानंतर उन्हाळ्यात घरामध्ये, आणि झोपेत तर कधीच, टोपऱ्याचे काम नाही. बाळाला उकडते आहे की गार वाटते, हे त्याच्या हातापायांवरून कळत नाही. मानेच्या मागे किंवा छातीला हात लावून पाहावे. तेथे घाम असेल तर एक कपडा काढावा, मग तो कोणी का विणलेला असेना.

हातमोजे आणि पायमोजे यांत दुसरी एक सूक्ष्म भीती असते. दोन रंगांची नक्षी विणताना आतल्या बाजूला सुटे धागे राहतात. असा एखादा धागा किंवा शिवणीतून निघालेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला तर बोटाचा रक्तप्रवाह अडतो, आणि बाळ का रडते ते मोजा काढीपर्यंत कळत नाही. जाळीच्या विणीतही बोट अडकते. म्हणून तान्ह्याच्या वस्त्रात मोठी जाळी नको, आत सुटे धागे नकोत, गळ्याशी बांधायची रिबीन नको, आणि केसाळ सूत तर मुळीच नको.

मग वैशाखातील बाळासाठी काय विणावे? बिनबाह्यांचे, समोरून उघडणारे, खांद्यावर एकच सपाट बटण असलेले सुती झबले. त्याला ८० ते १०० ग्रॅम बारीक सूत पुरे. पाय मोकळे ठेवणारे, पाळण्यात अंगाखाली घालायचे सुती दुपटे विणायचे असेल तर घट्ट विणीचे विणावे, आणि ते अंगावर घालण्यासाठी नव्हे हे देताना सांगावे. ज्या आत्याला स्वेटरच विणायचा आहे तिच्या हौसेलाही जागा आहे. वैशाखात जन्मलेले बाळ मार्गशीर्षात सात महिन्यांचे होते. जन्मतः छातीचा घेर साधारणतः ३३-३४ सेंटीमीटर असतो, सातव्या महिन्यात तो ४४-४५ च्या घरात जातो. स्वेटर ५० सेंटीमीटर घेराचा विणून बारशाला द्यावा. बाळाला तो थंडीत नेमका बसेल, आणि नवजाताच्या मापाचा, एकदाही न घातलेला स्वेटर कपाटात पडून राहण्याचा प्रकार टळेल.

मापाचा विषय निघाला आहे तर नमुना तुकड्याबद्दल. लोकरीत निष्काळजीपणा खपून जातो, कारण लोकर ताणून-आवळून सावरते. कापूस सावरत नाही. समजा, १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसतील असे धरून ९० सेंटीमीटर घेरासाठी १९८ टाके घातले, आणि प्रत्यक्षात हात सैल असल्याने २०च बसले, तर घेर ९९ सेंटीमीटर होतो. नऊ सेंटीमीटरचा घोळ म्हणजे वस्त्र दुसऱ्याच्या मापाचे. म्हणून किमान १५ सेंटीमीटरचा चौकोन विणावा, धुवावा आणि वाळताना खालच्या कडेला दोनतीन चिमटे लावून टांगावा. वस्त्राचा भार त्याच्या विणीला कसा ओढील हे त्यावरून दिसते. मग मोजावे, उभे आणि आडवे दोन्ही. हा तुकडा विणायला लागणारा एक तास पुढचे पंधरा दिवस वाचवतो, तरी दहापैकी नऊ जणी तो विणत नाहीत.

सुयांचे जुने क्रमांक काउंटसारखेच उलटे चालतात, आकडा मोठा तर सुई बारीक. मध्यम सुती धाग्याला १० क्रमांकाची, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची सुई योग्य; वीण थोडी मोकळी हवी असेल तर ९ क्रमांकाची. त्याहून जाड सुई घेऊन वस्त्र झटपट उरकण्याचा मोह होतो, पण तशी वीण लोंबते. जाळी हवी असेल तर ती मोठ्या सुईने न करता टाक्यांनीच करावी : सुईवर एक वेढा घ्यायचा आणि शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे. एक वाढला, एक घटला, टाक्यांची संख्या तीच राहिली आणि मध्ये भोक पडले. एवढ्या एका युक्तीवर पाने, वेल, चौकटी, लाटा अशा असंख्य जाळ्या उभ्या आहेत. घामाने हात ओलसर होतात तेव्हा ॲल्युमिनियमची सुई बोटांना चिकटते. उन्हाळ्यात बांबूच्या सुया सुखाच्या.

मोठे काम मांडीवर घेऊन बसणे हीच उन्हाळ्यातील खरी अडचण. चादर किंवा मोठा स्वेटर तळहाताएवढा असतो तोपर्यंत ठीक, पुढे तो मांडीवर पांघरुणासारखा पसरतो. तेव्हा उन्हाळ्याचे काम तुकड्यांचे असावे. क्रोशाचे चौकोन एक एक करून ठेवावेत आणि पाऊस सुरू झाल्यावर जोडावेत. आंध्रातील गोदावरीकाठच्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशा शिकवला. त्या उष्ण, दमट किनाऱ्यावर लोकरीला वावच नव्हता. सुती दोऱ्याच्या लेसचा मोठा धंदा मात्र तेथे रुजला, आणि तो पुष्कळसा अशाच सुट्या तुकड्यांवर उभा आहे. बायका घरी तुकडे करतात, ते पुढे जोडले जातात आणि व्यापाऱ्यांच्या हातून परदेशी जातात.

घरातील मुलींसाठी बिनबाह्यांचे आखूड जाकीट आणि मोठ्यांसाठी स्टोल, या दोन वस्तूंना आज पूर्वीपेक्षा अधिक उपयोग आहे, कारण उन्हाळा आता फक्त बाहेर असतो. वातानुकूलित दुकानात दिवसभर उभे राहणारी, गारठलेल्या शिकवणीच्या वर्गात बसणारी, रात्रीच्या गाडीने प्रवास करणारी, प्रत्येकीला बाहेर पिशवीत मावणारे आणि आत खांद्यावर घेता येणारे काहीतरी हवे असते. २०० ग्रॅम बारीक सुतात दीड हात रुंद स्टोल होतो. भाजीची जाळीची पिशवी ही नवशिक्या मुलीसाठी सुट्टीतली सर्वांत चांगली पहिली वस्तू. माप चुकले तरी बिघडत नाही. मात्र तिचा बंद आडवा, घट्ट क्रोशाचा करावा, नाहीतर दोन किलो बटाट्यांनी पिशवी जमिनीला टेकते. जपमाळेची छोटी पिशवीही अशीच एका दुपारी होते.

स्वयंपाकघरात दोन पथ्ये पाळावीत. गरम भांडे धरायच्या जाड चौकोनांत ॲक्रिलिकचा एक धागाही नको. ते उष्णतेने वितळते आणि वितळलेले हाताला चिकटते. दुसरे पथ्य पाणी गाळण्याच्या गळण्याचे. हौसेने कोणी सुती वीण घट्ट घालून गळणे विणते. ते चालणार नाही. विणलेले कापड कितीही घट्ट असले तरी ओढ बसताच त्याचे फासे उघडतात आणि गाळण्याचा हेतूच जातो. गळण्याला मागावरचे जाड, दुहेरी केलेले कापडच हवे. विणकामाची हौस झाकणाच्या रुमालावर भागवावी : मधे मलमलीचा गोल, कडेला ४० क्रमांकाच्या दोऱ्याची क्रोशाची लेस आणि लेसच्या टोकांना काचेचे मणी. मण्यांच्या भाराने रुमाल दुधाच्या पातेल्यावर, पाण्याच्या तांब्यावर वाऱ्यातही बसून राहतो, आणि मलमल असल्याने चिलट आत जात नाही. सगळा रुमाल मोकळ्या जाळीचा केला तर तो नुसताच शोभेचा होतो.

धुण्याआधी पांढऱ्या ओल्या फडक्याने रंग पुसून पाहावा. गडद लाल आणि निळा पहिल्यांदा वेगळेच धुवावेत. सुती विणकाम दांडीवर टांगू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे, पाणी टिपले गेले की खाटेवर किंवा चटईवर सावलीत पसरावे, हाताने मापाला बसवावे आणि पंख्याची हवा लागू द्यावी. वैशाखात ते दोन तासांत वाळते, आषाढात दोन दिवस लागतात. तेव्हा जाड सुताचे काम पावसाळ्यापूर्वी धुऊन, पूर्ण कोरडे करून घडी घालावे.